डोकं आपटायला कोणी सांगितलं होतं?

'एवढे मिलियन्स मिळतात, मग नंतर रडायचं कशाला? कोणी जबरदस्ती केली होती का?' सुपर बोलचा विषय निघाला की आमच्या टीममधला एक मित्र हे हमखास बोलतो आणि चार जण माना डोलावतात. यावेळी मात्र माझंच डोकं सटकलं. म्हणून हे लिहितोय.

माइक वेब्स्टर. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर. अमेरिकन फुटबॉलमध्ये सेंटर म्हणजे जो वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि पुढच्याच क्षणी समोरच्या धिप्पाड गड्याला जाऊन भिडतो. वेब्स्टरने हे १९७४ पासून १७ सीझन केलं (शेवटचे दोन कॅन्सस सिटीकडून). चार सुपर बोल जिंकले, १९९७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि निवृत्तीनंतर? कित्येक रात्री स्वतःच्या पिकअप ट्रकमध्ये काढल्या. झोप लागेना म्हणून टेझर गनचे शॉक घेतले. २००२ मध्ये गेला, अवघ्या पन्नाशीत.

हेल्मेट होतं ना? होतं की! पण नारळ हलवून बघा. करवंटी शाबूत असते, पाणी आत डुचमळतंच. मेंदूचंही तसंच.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालूंना त्या मेंदूत सीटीई सापडला, म्हणजे वारंवार धक्के बसून होणारा मेंदूचा ऱ्हास. २००५ मध्ये त्यांनी पेपर छापला. एनएफएलच्या मेंदू-इजा समितीतल्या डॉक्टरांनी काय करावं? पेपर मागे घ्या म्हणून जर्नलला पत्र! (ही समिती १९९४ पासून बरीच वर्षं चालवली ती एका संधिवाताच्या डॉक्टरने. आता बोला.)

बरं, शास्त्रात मतभेद असतात, मान्य. पण मेख पुढेच आहे. मालक आणि खेळाडूंची युनियन यांचे प्रतिनिधी ज्यात बसतात, त्या पेन्शन बोर्डाने १९९९ मध्येच वेब्स्टरला अपंगत्वाचा भत्ता मंजूर केला होता. कारण? फुटबॉल खेळताना डोक्याला झालेल्या इजा. म्हणजे एका फाइलीत लेखी कबुली, आणि दुसरीकडे समिती पेपरवर पेपर लिहून सांगतेय की दीर्घकालीन नुकसानीचा पुरावाच नाही. आपल्या भाषेत, इंटर्नल ट्रॅकरमध्ये 'नोन इश्यू' आणि क्लायंटला मेल, 'आमच्याकडे असं काही दिसत नाही.'

भत्ता तरी सरळ दिला का? छे. निवृत्त झालो तेव्हापासूनच अपंग होतो, असं वेब्स्टरचं म्हणणं होतं. बोर्ड म्हणे, नाही, नंतर झालास. २००६ मध्ये अपील कोर्टाने कुटुंबाचं म्हणणं उचलून धरलं, तोवर माणूस जाऊन चार वर्षं झाली होती.

तर मित्रा, गुडघे जातील, पाठ जाईल हे वेब्स्टरला ठाऊकच असणार. तेवढा सौदा त्याने केला, कबूल. पण मेंदूचं काय? फुटबॉल आणि सीटीईचा संबंध लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे मान्य केला २०१६ मध्ये. त्याआधी २००७ मध्ये, म्हणजे बोर्डाच्या त्या कबुलीनंतर आठ वर्षांनी, लीगने खेळाडूंना एक पत्रक वाटलं होतं. प्रत्येक इजेवर नीट उपचार झाले तर एक-दोनपेक्षा जास्त आघातांनीही कायमचा त्रास होतो असं संशोधनात दिसलेलं नाही, असं त्यात छापलं होतं. ते वाचून जो बाविशीतला पोरगा मैदानात उतरला, त्याने नक्की कशाला 'हो' म्हटलं होतं, एवढं मला पुढच्या लंचला सांग.