आधी मुक्काम ठरवा, मग गाडी

कोकणात चार दिवस जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती गाडी कुठली करायची याची. राहायचं कुठे, पाहायचं काय, हे त्यानंतर. मग मुंबई-पुण्याहूनच भाड्याची गाडी ठरते आणि गाडी आहेच म्हटल्यावर गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, तारकर्ली असं सगळं एकाच सहलीत कोंबलं जातं. हा क्रमच मला चुकीचा वाटतो. मुक्काम आधी ठरवावा. एकाच गावात राहायचं असेल तर रेल्वे आणि एसटी बहुतेक वेळा पुरते. गाडी लागलीच तर ती तिथे पोहोचल्यावर, लागेल त्या दिवसापुरती, तिथल्याच चालकासह घ्यावी.

याचं मोठं कारण किनाऱ्याच्या रचनेत आहे. महामार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही समुद्रापासून बऱ्याच आत आहेत, आणि त्यांच्यापासून फुटणारे रस्ते एकेका बंदराकडे उतरतात. मधल्या खाड्यांमुळे नकाशावर शेजारी दिसणारी गावं प्रत्यक्षात शेजारी नसतात. दाभोळहून धोपाव्याला, वेसवीहून बागमांडल्याला, जयगडहून तवसाळला जायचं तर एक तर फेरीबोट धरायची, नाही तर लांबचा वळसा घालायचा. गर्दीच्या दिवसांत फेरीसाठी रांग लागते ती वाहनांची. चालत आलेल्या माणसाला बोटीत जागा मिळते. रोज नवं गाव गाठणाऱ्याची सुटी अशी काचेआडच संपते, आणि गाडी स्वतःच चालवत असाल तर घरातल्या एका माणसाला सुटी मिळतच नाही.

मालवणचं उदाहरण घ्या. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी सकाळी कुडाळला उतरतो. तिथून मालवण तीसेक किलोमीटर. एसटी आहे, रिक्षा आहे. मालवणात उतरल्यावर सिंधुदुर्ग किल्ला होडीने पाहायचा, बाजार आणि बंदर पायी फिरायचं, तारकर्ली-देवबागला एसटीने किंवा रिक्षाने जायचं. यात गाडी करणार काय? देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी. माडांमधून जाणारा रस्ता एवढा अरुंद की समोरून मोठं वाहन आलं तर कुणाला तरी मागे घ्यावं लागतं. मे महिन्यात तिथे आपली गाडी नेणं म्हणजे स्थानिकांच्या वाटेत आणखी एक अडथळा उभा करणं.

पैशांचा हिशोबही नीट मांडायला हवा. चौघांत गाडी स्वस्त पडते, असं म्हटलं जातं. पण चालकासह गाडी केली तर साधारणपणे दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरचे पैसे धरलेलेच असतात, गाडी हलो वा न हलो. वर चालकाचा भत्ता आणि रात्रीचा मुक्काम. स्वतः चालवायला घेतली तर अनामत रक्कम, इंधन आणि उभ्या गाडीचंही भाडं. शिवाय अशी गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असावी लागते. ओळखीतून मिळणारी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणं बेकायदा आहे, आणि अपघात झालाच तर विम्याचं काय होईल याचा विचार आधी करावा. दुसरीकडे एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, पासष्टीपुढच्यांना सवलत आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे. आजी-आजोबांसह निघालेल्या कुटुंबाचं गणित एवढ्यानेही पालटतं.

तरीही एक आक्षेप खरा आहे. खेड्यातल्या एसटीच्या वेळा शाळा, बाजार आणि कचेऱ्यांना धरून असतात, पर्यटकांना धरून नव्हे. संध्याकाळी येणारी वस्तीची गाडी रात्रभर गावातच थांबते आणि पहाटे परत निघते. ती चुकली तर दुसरा पर्याय नसतो. त्यामुळे गुहागरला राहून वेळणेश्वर आणि हेदवी एका दिवसात करायचं असेल, किंवा बरोबर गुडघे दुखणारं माणूस वा तान्हं मूल असेल, तर गाडीच करावी. पण तेवढ्या एका दिवसासाठी, गुहागरातून. तिथला चालक रस्ता ओळखतो, भरतीची वेळ सांगतो, आणि गाडी पुळणीत घालून रुतवत नाही. रेल्वेचं तिकीट मिळत नाही ही तक्रारही गणपती, दिवाळी आणि मे महिन्यापुरती रास्त आहे. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारखा त्याआधी ठरायला हव्यात.

खरा तुटवडा आहे तो स्थानक आणि गाव यांना जोडणाऱ्या दुव्याचा. गेटवेहून मांडव्याला बोटीने गेलेल्या प्रवाशासाठी धक्क्यावर अलिबागची बस उभी असते आणि तिचं भाडं बोटीच्या तिकिटातच असतं. हे खासगी बोटवाल्यांना जमतं, तर कुडाळ, रत्नागिरी, चिपळूण आणि खेडला येणाऱ्या मुख्य गाड्यांच्या वेळेला धरून, सामान ठेवायला जागा असलेली एसटी स्थानकाच्या दारात उभी करणं आगारांना अवघड नाही. गाडी उशिरा आली तर बसने थांबावं, आणि पुढच्या बसची वेळ फलाटावरच लिहिलेली असावी.