इंजिनावरचे प्रेम आणि कोळशाचे फावडे

हौसेला मोल नाही, असे मराठीत म्हटले जाते. ज्या शास्त्राचा सारा व्यवहार मोलावरच चालतो त्या अर्थशास्त्राने या म्हणीकडे कधी गंभीरपणे पाहिले नाही. आणि खरे सांगायचे तर समाजवादी कार्यकर्त्यांनीही पाहिलेले नाही. वाफेची जुनी इंजिने जपणारे, कचरा वाहून नेणाऱ्या गाड्यांचे प्रकार तोंडपाठ असणारे, खेळण्यातल्या मूर्ती पुन्हा घडवून आणि रंगवून कपाटात मांडणारे छांदिष्ट लोक जगात लाखोंनी आहेत. ‘पोट भरल्यावर सुचणारे उद्योग’ असा शेरा मारून कार्यकर्ता त्यांच्यापुढून निघून जातो. हा शेरा घाईचा आहे. प्रत्येक अभ्यासवर्गात कोणी ना कोणी विचारतोच की, समाजवाद आला तर कष्टाची आणि घाणीची कामे करणार कोण? या प्रश्नाचे निम्मे उत्तर या छंदांत दडलेले आहे. उरलेले निम्मे उत्तर तेथे नाही, आणि ते का नाही हेही समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम इंजिनांची गोष्ट. वेल्समध्ये पाटीच्या दगडाच्या खाणींसाठी १८६५ साली सुरू झालेली टॅलिलिन नावाची एक अरुंद लोहमार्गाची रेल्वे होती. १९५० साली तिच्या मालकाचा मृत्यू झाला आणि ती बंद पडणार हे उघड झाले. तेव्हा एल. टी. सी. रोल्ट या अभियंता-लेखकाच्या पुढाकाराने काही माणसे बर्मिंगहॅममध्ये जमली, त्यांनी संस्था स्थापन केली, आणि १९५१ च्या मे महिन्यात गाड्या पुन्हा धावू लागल्या. तिकिटे देणारे, रूळ दुरुस्त करणारे, इंजिनात कोळसा टाकणारे यांतील बहुतेक जण बिनपगारी स्वयंसेवक होते. स्वयंसेवकांनी वाचवून चालविलेली ही जगातील पहिली रेल्वे होय.

पुढे हे लोण सर्वत्र पसरले. १९४८ साली ब्रिटनमधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा सरकारी मालकीत आलेल्या वाफेच्या इंजिनांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. वीस वर्षांत ती सारी मोडीत निघाली. ११ ऑगस्ट १९६८ रोजी मुख्य मार्गांवरील वाफेची शेवटची गाडी धावली. पण वेल्समधील बॅरी येथे डाय वुडहॅम नावाच्या भंगारवाल्याकडे शेकडो इंजिने गंजत पडली होती. आधी रेल्वेचे डबे तोडणे त्याला सोयीचे होते, म्हणून इंजिने मागे राहिली. हौशी मंडळींनी वर्गण्या काढल्या, आणि पुढच्या दोन दशकांत त्या आवारातून २१३ इंजिने सोडवून नेली. याहून पुढची मजल ‘टॉर्नेडो’ या इंजिनाची. ज्या जातीची सर्वच्या सर्व ४९ इंजिने भंगारात गेली होती, त्या जातीचे नवे इंजिन बांधण्याचा संकल्प १९९० साली सुटला आणि २००८ साली डार्लिंग्टन येथे ते पुरे झाले. आठवड्याला एका पेला बिअरच्या किमतीएवढी वर्गणी द्या, असे आवाहन लोकांना केले गेले होते; अशा लहान वर्गण्यांचा त्यात मोठा वाटा होता. त्याचा बॉयलर मात्र ब्रिटनमध्ये होऊ शकला नाही. एकेकाळी साऱ्या जगाला इंजिने पुरविणाऱ्या देशाला तो जर्मनीतील मायनिंगेन येथील रेल्वे कारखान्यातून करून आणावा लागला. पूर्व जर्मनीच्या काळातही तेथे वाफेच्या इंजिनांचे काम चालू राहिल्यामुळे कारागिरांच्या हातातली ती विद्या मेली नव्हती. यंत्र नफ्यातोट्याच्या हिशेबाने मोडीत काढता येते. त्याच्याबरोबर कोणते कसब मोडीत निघते, याचा हिशेब त्या वहीत नसतो.

आता हे स्वयंसेवक करतात काय ते पाहावे. गाडी सकाळी सुटायची तर भट्टी पहाटेच्या अंधारात पेटवावी लागते. राख उपसायची, धुराच्या नळ्यांतली काजळी झाडायची, चाकांच्या खाली शिरून वंगण घालायचे, मग दिवसभर धगीसमोर उभे राहून फावड्याने कोळसा लोटायचा, आणि संध्याकाळी काळ्याठिक्कर अंगाने घरी जायचे. यासाठी त्यांना वेतन मिळत नाही. उलट संस्थेची वर्गणी भरून ते हे काम मागून घेतात. शिक्षक, कारकून, दुकानदार, निवृत्त रेल्वे कामगार असे नाना तऱ्हेचे लोक फायरमन होण्यासाठी आधी वर्षानुवर्षे इंजिने पुसतात.

या दृश्यापुढे प्रस्थापित अर्थशास्त्राची पंचाईत होते. स्टॅन्ली जेव्हन्स याने १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात श्रमाची व्याख्याच मुळी क्लेशदायक परिश्रम अशी केली. श्रम म्हणजे सुखातली वजावट आणि वेतन म्हणजे तिची भरपाई, हे समीकरण तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत रुळले. माणूस स्वभावतः कामचुकार असतो, भुकेचा धाक नसेल तर तो हातपाय हलविणार नाही, हा मालकवर्गाचा सिद्धांत याच समीकरणाचे अपत्य आहे. हे समीकरण खरे असते तर वेल्सच्या डोंगरात रविवारी पहाटे कोळशाचे फावडे हाती घेणारा माणूस वेडा ठरला असता. तो वेडा नाही. त्याने केव्हा यावे आणि केव्हा थांबावे हे त्याच्या संमतीने ठरते. इंजिन ज्या संस्थेच्या ताब्यात असते तिच्या सभेत त्याला मत असते. कामाचा प्रारंभ आणि शेवट दोन्ही त्याला दिसतात. आणि थकला तर त्याच्या मुलांची भाकरी बंद होत नाही.

कोळसा तोच, फावडे तेच, धग तीच. पण पगारी फायरमनच्या वाट्याला यांतले काहीच आले नव्हते. ब्रिटनमधील इंजिन चालकांनी आणि फायरमननी १८८० साली आपली संघटना उभारली ती प्रदीर्घ पाळ्यांनी पिचून गेल्यामुळे. आठ तासांचा दिवस त्यांच्या पदरात पडायला १९१९ साल उजाडावे लागले. भारतात तर हा लढा पुढे पन्नास वर्षांनीही चालू होता. १९७० च्या दशकात इंग्लंडातील हौशी छायाचित्रकार वाफेच्या शोधात भारतात येऊन लोकोशेडच्या दारांत उभे राहू लागले, त्याच दशकात त्या शेडमधील माणसे संपावर गेली होती. कामाच्या तासांना मर्यादा हवी म्हणून १९७३ साली लोको रनिंग कर्मचाऱ्यांनी संप केला आणि दहा तासांच्या मर्यादेचे आश्वासन मिळविले. आठ तासांचा दिवस ही जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली मे १९७४ मध्ये झालेल्या रेल्वे संपातील एक प्रमुख मागणी होती. तो संप हजारोंना तुरुंगात डांबून मोडून काढण्यात आला. छायाचित्रांत धुराचे लोट सुंदर दिसतात. त्या धुरात किती तास उभे राहावे लागले, हे छायाचित्रातून कळत नाही.

येथे एक आक्षेप येईल की, हौस ही फुरसत असलेल्यांची चैन आहे. आक्षेप खरा आहे, पण फुरसत आकाशातून पडत नाही. शनिवारची अर्धी सुट्टी, आठ तासांचा दिवस, भरपगारी रजा, निवृत्तिवेतन या गोष्टी कामगार चळवळीने एकेक करून मिळविल्या. आज जो निवृत्त कारकून इंजिनाला वंगण घालतो, त्याची ती सकाळ कोणाच्या तरी संपाने विकत घेतलेली आहे. छंद हे चळवळीचे अपत्य आहे. मुलाला बापाचे नाव ठाऊक नसेल तर ते सांगण्याचे काम कार्यकर्त्याचे.

हीच गोष्ट खेळण्यांतल्या मूर्तींच्या छंदात अधिक ठळकपणे दिसते. बाजारातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या मूर्तीचा रंग खरवडायचा, हातपाय नव्याने बसवायचे, बारीक कुंचल्याने डोळे काढायचे, यात हौशी माणूस महिनेच्या महिने घालवितो आणि समाधान पावतो. पण तीच मूर्ती त्याच्या हाती येण्यापूर्वी दुसऱ्या कोणाच्या तरी हाताखालून गेलेली असते. १० मे १९९३ रोजी थायलंडमधील नाखोन पाथोम प्रांतात केडर कंपनीच्या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. बाहेर जाण्याचे दरवाजे कुलूपबंद होते, आणि इमारती काही वेळातच कोसळल्या. १८८ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. परदेशी मुलांसाठी मऊ बाहुल्या आणि प्लॅस्टिकची खेळणी तयार करणे हे त्यांचे काम होते. एकाच प्रकारच्या हस्तकौशल्याने एकाला मनःशांती दिली आणि दुसरीला मरण. फरक कौशल्यात नव्हता. दाराची किल्ली कोणाकडे होती, यात होता.

तिसरा छंद सर्वांत विलक्षण, आणि उत्तराचे उरलेले अर्धे अंग त्याच्यापाशी अडते. कचऱ्याच्या गाड्यांवर जीव टाकणारे लोक अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ आहेत. मागून भरणारी गाडी, बाजूने भरणारी गाडी, पुढच्या पोलादी भुजांनी पेटी उचलून डोक्यावरून पाठीत रिकामी करणारी गाडी, हे सारे प्रकार त्यांना वर्षांनिशी ठाऊक असतात. टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिलच्या जॉर्ज डेम्पस्टर याने यांत्रिक हातांनी उचलता येणारी कचरापेटी आणि तिची गाडी प्रचारात आणली. तिच्यासाठी अमेरिकेत रूढ झालेल्या शब्दात त्याचे आडनाव अजून ऐकू येते. असे यंत्रज्ञान माणसाचा खांदा वाचविते, म्हणून ते स्वागतार्हच आहे.

पण त्याच टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात बसले असताना तिची दाबयंत्रणा अचानक सुरू झाली आणि दोघेही चिरडून मेले. त्यानंतर तेराशे कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या छातीवरच्या फलकावर पगाराचा आकडा नव्हता. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले होते. त्यांना साथ देण्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तेथेच त्यांची हत्या झाली. त्यानंतर बारा दिवसांनी नगरपालिकेने तडजोड केली.

इंजिनाचा प्रेमी फूटप्लेटवर चढतो. कचऱ्याच्या गाडीचा प्रेमी मात्र रस्त्याच्या कडेला उभा राहून तिचे चित्रण करतो, गाडीच्या मागे लटकत नाही. याचा दोष त्याला देण्यात अर्थ नाही. त्या कामाला जो कलंक चिकटलेला आहे तो घाणीचा नाही, अमेरिकेत तो वर्णाचा आहे आणि भारतात जातीचा. पुण्यामुंबईत घंटागाडीची घंटा वाजली की लहान मूल हरखून गॅलरीत धावते. त्या वयात त्याला गाडीही आवडते आणि गाडीवरचा माणूसही. मोठे होता होता त्यातला माणूस त्याच्या नजरेतून पुसला जातो. हा संस्कार घर करते, शाळा करते. मुंबई महापालिकेचा कचरा वर्षानुवर्षे उचलणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना, आपण कामगार आहोत एवढे मान्य करून घेण्यासाठी, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, ते या संस्कारामुळेच.

म्हणून छंदाने दिलेले उत्तर निम्मेच आहे. ते पुरे करण्याचा एक प्रयत्न पुण्यात झाला आहे. बाबा आढाव यांच्या प्रेरणेने १९९३ साली तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या स्त्रिया, ज्यांतल्या बहुसंख्य दलित, त्या संघटित झाल्या, आणि त्यांना महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे मिळाली. त्यांतूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आकाराला आली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. काम पूर्वीचेच, हातही तेच. पण संस्था त्यांची, घरमालकाकडून मोबदला मागण्याचा हक्क त्यांचा. ही व्यवस्था निर्वेध चालते असे नाही; करार टिकविण्यासाठी या स्त्रियांना पुन्हा पुन्हा झगडावे लागले आहे. तरीही कामगाराचा कामाशी असलेला संबंध बदलता येतो, हे त्यांनी दाखवून दिले आहे. वेल्समधल्या स्वयंसेवकाला जे फुरसतीच्या बळावर सहज मिळाले, ते पुण्यातल्या बाईने पोटासाठी काम करता करता मिळविले. तिची कामगिरी अधिक मोठी आहे.

यातून एक सावधगिरीही निघते. स्वयंसेवकाची हौस हे पगारी कामगाराला काढून टाकण्याचे निमित्त होता कामा नये. वर्षातून एकदा झाडू हाती घेऊन छायाचित्र काढविणारा पुढारी रस्ता झाडत नाही. रोज झाडणाऱ्याचा पगार रखडला आहे, हे तो त्या छायाचित्राआड दडवितो.

तेव्हा पुढच्या अभ्यासवर्गात घाणीची कामे कोण करणार असे कोणी विचारले, तर कार्यकर्त्याने गडबडून जाऊ नये. माणसाला कष्टाचा कंटाळा नाही, पहाटे उठून तो राख उपसतो, हे वेल्सच्या दाखल्यासह सांगावे. मग विचारणाऱ्याला एवढेच विचारावे की, तुमच्या दारातली घंटागाडी रोज दिसते. तिच्यावरच्या बाईचे नाव तुम्हाला ठाऊक आहे काय?