पवनेच्या पाण्यावर जेट स्की

माझा भाचा पुण्यात एका संगणक कंपनीत बऱ्या हुद्द्यावर आहे. पवना धरणाच्या काठी त्याने काही वर्षांपूर्वी लहानसे घर बांधले. मध्यंतरी तो एक गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, मुलांसाठी जेट स्की घ्यावी म्हणतो. तुम्ही नको म्हणणार हे ठाऊक आहे. पण का, ते नीट ऐकायचे आहे." त्याला त्या दिवशी दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले. शिवाय हा प्रश्न आता एकट्या त्याचा उरलेला नाही. पवना, मुळशी, पानशेत, कोयना, जेथे जेथे धरण आहे तेथे तेथे काठावर बंगले उभे राहत आहेत आणि बंगल्यांपाठोपाठ यंत्रे पाण्यात उतरत आहेत. म्हणून हा जाहीर खुलासा.

प्रथमच सांगितले पाहिजे की, मुलांनी पाण्यावर मौज करावी याला माझा विरोध नाही. सुखाकडे संशयाने पाहण्याची एक जुनी खोड आपल्या चळवळीत आहे आणि तिने आपले नुकसानच केले आहे. डॉ. लोहियांनी १९६३ साली लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला, तो कोणाच्या सुखाचा हेवा वाटून नव्हे. वरच्या थराच्या खर्चाचे ओझे शेवटी कोणाच्या पाठीवर पडते, हे त्यांना दाखवायचे होते. तोच हिशेब या यंत्राला लावून पाहू.

जेट स्की हे वास्तविक एका जपानी कंपनीचे व्यापारी नाव. आपल्याकडे काही जण वॉटर स्कूटर म्हणतात. स्कूटर या शब्दाने मात्र फसगत होते. यंत्राचे वजन दोनशे ते चारशे किलो, शक्ती साठ अश्वशक्तीपासून तीनशेच्याही वर. किंमत दहा लाखांच्या पुढे. सप्टेंबर २०२५ पासून क्रीडा व विहाराच्या नौकांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे शासनाच्या लेखीही ही वस्तू चैनीची. त्यावर ओढगाडी, ती ओढणारी दणकट मोटार, जीवरक्षक जाकिटे, विमा आणि देखभाल. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या नौकेची नोंदणीही करावी लागते. पूर्ण वेगात मोठे यंत्र तासाला पन्नास लिटरहून अधिक पेट्रोल पिते.

आणि हे सारे किती दिवसांसाठी? पावसाळ्यात धरणावर यंत्र घालणे वेडेपणाचे. एप्रिल-मेमध्ये पाणी इतके ओसरते की घरापासून पाण्यापर्यंत चिखलाचा पट्टा लागतो आणि ओढगाडी त्यात रुतते. उरले ऑक्टोबर ते मार्चमधले शनिवार-रविवार. त्यांतूनही परीक्षा आणि लग्नकार्ये वजा जाता वर्षाकाठी वीस दिवस हाती लागले तर पुष्कळ.

धोक्याचे एकच अंग सांगतो, कारण विक्रेते ते क्वचितच समजावून देतात. या यंत्राला बाहेर पंखा नसतो. पोटाखालून पाणी ओढून ते मागच्या तोटीतून जोराने फेकले जाते आणि ती तोटी वळवली की यंत्र वळते. म्हणजे झोत आहे तोवरच दिशा हाती. समोर काही आले की नवखा माणूस घाबरून वेग सोडतो. वेग सोडताच वळण्याची शक्तीही जाते आणि जे टाळायचे त्याच्यावरच यंत्र सरळ जाते. नव्या यंत्रांत यावर काही उपाय केले आहेत. परंतु घाबरलेल्या पोराच्या हाताला कोणती युक्ती पुरी पडणार? धरणात तर पाण्याखाली बुडालेल्या गावांचे चौथरे आणि झाडांची खोडे आहेत.

आता पाण्याविषयी. पवनेचे पाणी नदीत सोडले जाते, रावेतला उचलले जाते आणि पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांच्या नळांना येते. अमेरिकेत टाहो नावाचे एक सरोवर आहे (नाव मराठी कानाला सूचक वाटेल). तेथे १ जून १९९९ पासून जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनांना बंदी झाली, कारण ती इंधनाचा चौथ्या हिश्श्यापर्यंत भाग न जाळताच पाण्यात सोडत. हे सरोवर धनिकांच्या विहाराचे. तरी तेथेही पिण्याच्या पाण्यापुढे मौजेला नमते घ्यावे लागले. भाचा म्हणाला, "नवी यंत्रे फोर-स्ट्रोक आहेत." खरे आहे. पण जुनी, वापरलेली, स्वस्तात मिळणारी यंत्रे आपल्या धरणांवर येणार नाहीत, याची हमी कोणी द्यावी?

परंतु माझा खरा आक्षेप पेट्रोलाचा नाही. पवना धरणासाठी जमिनी घेतल्या त्या १८९४ च्या कायद्याखाली, 'सार्वजनिक प्रयोजना'साठी. या दोन शब्दांवर मावळातील शेतकऱ्याने घरदार सोडले. १९७६ चा पुनर्वसन कायदा तेव्हा झालेला नव्हता. बाराशे तीन बाधितांपैकी आठशे त्रेसष्ट जणांचा जमिनीचा प्रश्न त्यानंतर दशकानुदशके लोंबकळत राहिला. याच पाण्याच्या बंद नळयोजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले, त्यांत एक स्त्री होती. मुळशीचा १९२१ चा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो. पवनेचे नाव घेताना मात्र आपल्यालाही तुंग-तिकोन्याचे देखावे आधी आठवतात, हे कबूल केले पाहिजे.

या पाण्यावर आजही काही माणसे जगतात. ओसरलेल्या काठावर गाळपेर करणारी आहेत. हवा भरलेल्या ट्यूबवर बसून संध्याकाळी जाळे टाकणारी आणि पहाटे ते ओढणारी आहेत. जाळ्यावरून एकदा यंत्र गेले की महिन्याची कमाई फाटते, आणि तक्रार नेमकी कोणाकडे करायची हे त्यांना माहीत नसते. ज्याची जमीन बुडाली त्याने त्याच पाण्यावर ट्यूबवर बसावे आणि ज्याने उरलेला काठ विकत घेतला त्याने तीनशे घोडे दौडवावेत, हे कोणते सार्वजनिक प्रयोजन? भाच्याने घर स्वतःच्या पैशाने घेतले. पाणी घेतलेले नाही. घरासमोर दिसते म्हणून ते अंगणात येत नाही.

यावर त्याने विचारले, आणि मला ते लागले: "मी एकट्याने घेतली नाही, म्हणून पाणी मोकळे राहणार आहे का?" नाही राहणार. एकट्याच्या त्यागावर माझा विश्वास कधीच नव्हता. म्हणून मागणी त्याच्याकडे नाही, जलसंपदा खात्याकडे आहे: पिण्याच्या पाण्याच्या धरणांवर खाजगी मालकीची यंत्रनौका चालू देऊ नये. विहार हवाच असेल, तर त्याचा परवाना फक्त धरणग्रस्तांच्या आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना द्यावा. ठरलेल्या हद्दीत, जाळ्यांपासून दूर, वल्ह्याच्या नौका आणि मोजकी तपासलेली यंत्रे त्यांनी चालवावीत, भाडे त्यांनी घ्यावे. माझ्या भाच्याची मुले अर्ध्या तासाचे पैसे मोजून तेथे अवश्य बसतील. मीही बसेन, गुडघे साथ देतील तर. पिंपरीच्या कामगाराचे पोरही त्याच रांगेत उभे राहू शकेल.

कोयनेच्या जलाशयावर मुनावळे येथे शासनाने २०२४ मध्ये जलपर्यटन सुरू केले. तेथील उत्पन्नातला किती वाटा कोयनेच्या विस्थापितांच्या हाती पडतो, याची चौकशी साताऱ्याच्या कार्यकर्त्यांनी करून या अंकाला कळवावे. मावळच्या मित्रांनी मच्छीमार संस्थांची बैठक पाणी ओसरण्यापूर्वी बोलवावी. येण्याजाण्याचा खर्च भाचा देणार आहे, असे त्यानेच सांगितले आहे. माहितीपत्रक अद्याप माझ्या टेबलावर पडून आहे.