पाळणा हुकुमाने हलत नाही

राजसत्तेच्या हाती किती बळ असावे हा वाद जुना आहे. त्या बळाची सीमा कोठे येते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी आजच्या चीनकडे पाहावे. ज्या सत्तेने ३५ वर्षे घरोघरच्या पाळण्यावर पहारा बसविला, तीच आज पाळणे हलावेत म्हणून आर्जवे करीत आहे आणि प्रजा ऐकूनही न ऐकल्यासारखे करीत आहे.

२५ सप्टेंबर १९८० रोजी चिनी कम्युनिस्ट पक्षाने आपल्या सदस्यांस उघडे पत्र लिहून एका जोडप्यास एकच अपत्य हा दंडक घातला. त्यापाठोपाठ जबर दंड, नोकरीवर गदा आणि सक्तीचे गर्भपात आले. १९८३ या एकाच वर्षी २ कोटींहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या व त्यांतील बहुतेक स्त्रियांवर झाल्या. १९८४ नंतर ग्रामीण भागात, पहिली मुलगी असल्यास, दुसऱ्या अपत्याची मुभा मिळू लागली. मुलगी हे अर्धेच अपत्य, असे जणू सरकारनेच मान्य केले! २०१० च्या जनगणनेत नवजात १०० मुलींमागे ११८ मुलगे आढळले, यात मग नवल ते काय?

सक्तीवाचून लोकसंख्या आवरली नसती, असे या धोरणाचे समर्थक सांगतात. वस्तुस्थिती त्यांना अनुकूल नाही. १९७० साली चीनमध्ये दर स्त्रीमागे सुमारे ५.८ मुले होत. १९७९ पर्यंत, म्हणजे हा दंडक येण्यापूर्वीच, ते प्रमाण निम्म्यापेक्षा खाली आले होते. उशिरा विवाह, दोन मुलांत अंतर व मुले थोडी, या मोहिमेतही दडपण होतेच. पण शिक्षण व आरोग्यसेवेचा प्रसार तिच्या जोडीला होता.

पुढे समाज बदलला, परंतु तो हुकुमाबरहुकूम बदलला नाही. शहरातील एकुलत्या एका मुलीस भाऊ नव्हता म्हणून तिच्या वाट्याला भावाचे शिक्षण आले. आज ती कमावती आहे. वृद्ध आईबापांचा भार तिच्यावर आहे, घरांच्या किमती व मुलांच्या शिक्षणाचा खर्च तिच्यासमोर आहे, आणि मूल झाल्यास नोकरीतील बढती हुकेल ही धास्तीही आहे. २०१६ साली दोन व २०२१ साली तीन अपत्यांस मोकळीक मिळाली, तरी तिने आपला हिशेब बदलला नाही. २०१६ साली पावणेदोन कोटींहून अधिक मुले जन्मली होती. २०२३ साली तो आकडा ९० लाखांवर आला. २०२२ पासून लोकसंख्याच घटू लागली. २०२३ साली शी जिनपिंग यांनी महिला महासंघाच्या नेत्यांस विवाह व अपत्यजन्माची नवी संस्कृती रुजविण्यास सांगितले. २०२४ साली विवाहांची नोंद एका वर्षात पंचमांशाने घटून ६१ लाखांवर आली. २०२५ साली तीन वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,६०० युआन देण्याची घोषणा झाली. गेलेला विश्वास एवढ्या मोलाने परत मिळेल, असे आम्हांस वाटत नाही.

चीनसारखा कायदा येथेही करा, अशी मागणी आपल्याकडील सुशिक्षितांच्या बैठकींतून अधूनमधून ऐकू येते. त्यांनी दोन गोष्टी स्मराव्यात. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले होते; राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते बारगळले, आणि १९७७ साली देशातील मतदारांनी अशा सक्तीचा हिशेब मतपेटीतून चुकता केला. चिनी नागरिकास ३५ वर्षांत असा कौल देण्याची संधी एकदाही लाभली नाही. दुसरे असे की, २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे १.७ मुले, इतके प्रमाण अशा कायद्यावाचूनच खाली आले आहे.

दाराला बाहेरून कडी घालणे सत्तेला साधते. ती काढल्यावर आतील माणसाने कोणत्या वाटेने जावे, हे मात्र तिला ठरविता येत नाही. चीनच्या राज्यकर्त्यांना हा धडा फार उशिरा मिळाला. आपण तो त्यांच्या खर्चाने शिकावा, यातच शहाणपण आहे.