विश्लेषण : ध्रुवीय अस्वलांवर उपासमारीची वेळ का येतेय? व्हायरल व्हिडिओपलीकडचे पुरावे काय सांगतात?

डिसेंबर २०१७ मध्ये एका व्हिडिओने जगभरातला सोशल मीडिया हलवून टाकला होता. हाडांचा सापळा झालेलं, मागचे पाय कसेबसे ओढत चालणारं एक ध्रुवीय अस्वल कॅनडाच्या आर्क्टिक भागात पिंपातला कचरा उचकून खायला शोधत होतं. हवामान बदल म्हणजे काय ते इथे पाहा, अशा आशयाच्या ओळींसह ‘नॅशनल जिओग्राफिक’ने तो दाखवला आणि कोट्यवधी लोकांनी पाहिला. २०१८ मध्ये मात्र मासिकाने मान्य केलं की, त्या एका अस्वलाच्या अवस्थेचं खापर थेट हवामान बदलावर फोडणं अतिशयोक्त होतं. ते अस्वल आजारी होतं, जखमी होतं की म्हातारं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून दोन तट पडलेत. एक म्हणतो, अस्वलं संपत आली. दुसरा म्हणतो, हे सगळं थोतांड आहे. खरं उत्तर मात्र एखाद्या फोटोत सापडत नाही. ते गेल्या चार दशकांच्या मोजमापांत आहे.

अस्वलांना बर्फ नेमका कशासाठी लागतो?

ध्रुवीय अस्वल पट्टीचं पोहणारं आहे. त्यामुळे बर्फ वितळला की अस्वलं बुडून मरतात, ही मुख्य अडचण नाही. अडचण पोटाची आहे. त्याचं मुख्य अन्न म्हणजे सील, आणि पाण्यात सीलचा वेग अस्वलाला गाठता येत नाही. शिकार होते ती बर्फावर. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकापाशी वर येतो आणि अस्वल तिथे तासन्‌तास दबा धरून बसतं.

वसंत ऋतूत सीलची पिल्लं जन्मतात, तेव्हा त्यांच्या अंगावर भरपूर चरबी असते. या काही आठवड्यांत अस्वलं वर्षभराची बरीचशी चरबी साठवतात. कोकणात पावसाळ्याआधी घरात बेगमी करतात, तसंच हे. फरक इतकाच की इथे बेगमी शरीरात होते. बर्फ लवकर वितळला, तर बेगमीचे दिवस कमी आणि उपवासाचे दिवस जास्त. सगळा प्रश्न या गणिताचा आहे.

हडसन उपसागरात काय घडतंय?

या गणिताचा सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर. इथला बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळतो. अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि साधारण नोव्हेंबरमध्ये पाणी पुन्हा गोठेपर्यंत जवळपास उपाशी राहतात. गाभण मादीचा उपवास तर आठ महिन्यांपर्यंत लांबतो, कारण त्याच काळात ती बिळात पिल्लांना जन्म देते आणि दूधही पाजते.

१९८० च्या दशकाच्या तुलनेत इथला बर्फाविना काळ आता तीन ते चार आठवड्यांनी वाढलाय. त्या दशकात इथे सुमारे १,२०० अस्वलं होती. हवाई पाहणीनुसार २०१६ मध्ये ती ८४२ होती आणि २०२१ मध्ये ६१८ उरली.

जानेवारी २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात टोरांटो विद्यापीठाच्या लुईस आर्चर आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं. त्यानुसार ३७ वर्षांच्या काळात इथल्या पिल्लं असलेल्या माद्यांचं सरासरी वजन ३९ किलोने आणि वर्षभराच्या पिल्लांचं २६ किलोने घटलं. आईच्या अंगात चरबी कमी, म्हणून दूध कमी, म्हणून पिल्लू अशक्त. ते पहिला लांबलेला उपवास सोसू शकत नाही. म्हणजे घट होते ती मुख्यतः कॅमेऱ्यासमोर कोसळणाऱ्या अस्वलांमुळे नाही, तर जन्मालाच न आलेल्या किंवा न जगलेल्या पिल्लांमुळे. त्यांचा व्हिडिओ कधीच व्हायरल होत नाही.

जमिनीवर दुसरं काही खाता येत नाही का?

अस्वलं परिस्थितीशी जुळवून घेतील, असा युक्तिवाद नेहमी होतो. तो तपासण्यासाठी संशोधकांनी याच भागातल्या २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बसवून सुमारे तीन आठवडे त्यांच्यावर नजर ठेवली. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये निष्कर्ष आले. काही अस्वलं पडून राहिली, तर काहींनी रानफळं, गवत, मेलेले पक्षी आणि हाडं खाल्ली. तरीही २० पैकी १९ अस्वलांचं वजन घटलं, सरासरी दिवसाला एक किलो. अन्न शोधण्यात जितकी ताकद खर्च झाली, तेवढीही त्यातून भरून निघाली नाही.

मग संख्या वाढली, असं का म्हणतात?

‘१९६० च्या दशकात ५,००० अस्वलं होती, आज २६,००० आहेत’ असे मेसेज फिरतात. यातला आजचा आकडा साधारण बरोबर आहे. जुना आकडा मात्र अंदाजपंचे होता, तेव्हा नीट गणनाच झाली नव्हती. शिवाय त्या काळी बेसुमार शिकार होत असे. १९७३ मध्ये कॅनडा, अमेरिका, सोव्हिएत संघ, नॉर्वे आणि डेन्मार्क या पाच देशांनी करार करून शिकारीवर निर्बंध आणले. त्यामुळे काही भागांत अस्वलं सावरली, हे खरं आहे. पण बंदूक थांबवणारा करार बर्फ थांबवू शकत नाही.

सगळीकडे सारखीच परिस्थिती आहे का?

नाही. जगातल्या सुमारे २० गटांची स्थिती वेगवेगळी आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांभोवती बर्फ झपाट्याने घटूनही तिथल्या अस्वलांची तब्येत अद्याप खालावलेली नाही. तिथे ती रेनडिअर आणि पक्ष्यांची अंडीही खातात. याच स्वालबार्डमध्ये २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. गोव्यातल्या वास्को इथली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था ते चालवते. आर्क्टिकच्या बर्फाचा आपल्या मान्सूनशी काय संबंध आहे, हाही तिथल्या अभ्यासाचा विषय आहे.

माणसांवर काय परिणाम होतोय?

हडसन उपसागराच्या काठावर चर्चिल हे जेमतेम ९०० वस्तीचं गाव आहे. अस्वलाने गाठलं तर कोणालाही आत शिरता यावं, म्हणून इथले अनेक जण गाडीला कुलूप लावत नाहीत. गावात घुसणाऱ्या अस्वलांना आधी आवाज करून पिटाळलं जातं. तरी ती परतली, तर पकडून एका इमारतीत ठेवतात. गावकरी तिला ‘अस्वलांचा तुरुंग’ म्हणतात.

उत्तरेकडच्या काही इन्युइट शिकाऱ्यांचं म्हणणं आहे की, अस्वलं कमी झालेली नाहीत, उलट वस्तीजवळ जास्त दिसतात. शास्त्रज्ञांच्या मते, जमिनीवर जास्त काळ अडकलेली भुकेली अस्वलं वस्तीकडे वळतात. एकूण संख्या घटत असताना दारात दिसणारी अस्वलं वाढणं शक्य आहे.

पुढे काय?

१९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतोय. जागतिक तापमानवाढ १.६ ते २.६ अंशांच्या पुढे गेली, तर हडसन उपसागराच्या पश्चिम आणि दक्षिण भागातल्या अस्वलांना झेपणार नाही इतका बर्फाविना काळ लांबेल, असं २०२४ मधला एक अभ्यास सांगतो. त्याच २०२४ मध्ये एका वर्षाची सरासरी वाढ पहिल्यांदाच १.५ अंशांच्या वर गेली. दीर्घकालीन सरासरी अजून तिथे पोहोचलेली नाही, पण अंतर फारसं उरलेलं नाही.

अभयारण्य जाहीर करून किंवा अस्वलांना खायला घालून हा प्रश्न सुटणार नाही. समुद्रावर बर्फ किती दिवस टिकणार, हे कोळसा, तेल आणि वायू जगभर किती जाळला जातो त्यावर ठरतं. चर्चिलच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात पाणी गोठायची वाट पाहणाऱ्या अस्वलांसाठी एकेक दिवस महत्त्वाचा आहे. उशिराचा प्रत्येक दिवस म्हणजे अंगावरची आणखी एक किलो चरबी कमी.