फसली सनातील पूर्वज

छत्रपती संभाजीनगरच्या व्यापारी घरांत पूर्वजांचा शोध बहुधा जुन्या चोपड्यांपाशी थांबतो. पुढची वाट सरकारी दप्तरात आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. म्हणून महसुली कागद उर्दूत, साल फसली. त्यात 590 मिळवावेत : फसली 1340 म्हणजे साधारण इसवी सन 1930. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी शिंदे समितीने असलीच दप्तरे तपासली, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची गरज भासली. घाईच्या उर्दू लिखाणात नुक्ते गळतात. मग आडनाव कोणते, हे परक्या वाचकाला उमगत नाही, घरच्या माणसाला उमगते. निजामी अमदानीत उर्दू शिकलेले आजोबा आता नव्वदीकडे झुकले आहेत. तहसीलची नक्कल आधी त्यांच्यापुढे ठेवावी.