दोन शिट्ट्यांचा डाव

गेली तीन वर्षं रोज रात्री सव्वानऊला कोल्हापूरहून आईचा फोन. "जेवलास काय रे?" आणि मी पुण्यातल्या माझ्या वन बीएचकेमधून बिनदिक्कत सांगायचो, "हो, भात टाकला होता." समोर टीपॉयवर मागवलेल्या नूडल्सचा डबा! ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकचं हेच चालतं, त्यामुळे गिल्ट वगैरे काही नव्हतं.

मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, काही दिवस गॅसजवळ जायचं नाही. खाण्याचं पथ्य मात्र काही नाही. काळा गॉगल लावून आई सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "चला, आता तुझ्या हातचा भात खाऊ."

बॉस, झाली ना पंचाईत!

फ्रीजमध्ये अर्धा कोबी, दोन गाजरं, मूठभर फरसबी, एक ढोबळी मिरची. कोपऱ्यावरून अर्धा किलो चिकन आणलं. घरूनच आलेला इंद्रायणी तांदूळ होता. सगळं एकदम कुकरमध्ये घातलं, वर तीन वाट्या पाणी, पाच शिट्ट्या. झाकण उघडलं तर आत खळ! कोबी आणि टोमॅटोला स्वतःचंच पाणी सुटतं, चिकनलाही सुटतं, आणि इंद्रायणी मुळातच चिकट. हे सगळं मला नंतर कळलं. आईनं चमच्यानं ते जरा हलवलं. "रोज असाच करतोस?"

"हो."

ती काही बोलली नाही. ताट मात्र स्वच्छ केलं. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही, एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर सटकलो. येताना कोलम तांदूळ घेतला. हा मोकळा होतो. या वेळी सोफ्यावरून कॉमेंट्री चालू होती. आधी चिकनला हळद, मीठ, आलं-लसूण आणि दोन चमचे दही चोळून ठेवायचं. तोवर वाटीभर तांदूळ धुऊन पंधरा मिनिटं भिजवायचा. कुकरमध्येच तेलावर कांदा.

"कच्चा आहे अजून."

"तुला तिथून कसं कळतंय?"

"वास येतोय की!"

कांदा लाल झाल्यावर घरची कांदा-लसूण चटणी (कोल्हापूरकर तिखट मसाल्याला चटणीच म्हणतात), मग चिकन. इथे घाई नाही. त्याचं पाणी सुटून आटेपर्यंत, कडेनं तेल दिसेपर्यंत परतायचं. आधी चरचर, मग रटरट, मग पुन्हा चरचर, की समजायचं झालं. मग कडक भाज्या, म्हणजे गाजर-फरसबी. निथळलेला तांदूळ हलक्या हातानं परतायचा आणि गरम पाणी दीडच वाटी. एरवी दोन लागलं असतं. उरलेलं चिकन आणि भाज्या देतात. दोन शिट्ट्या, गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत कुकरला हात लावायचा नाही. (मी लावला. ओरडा खाल्ला.) ढोबळी मिरची बारीक चिरून शेवटी वरून पेरायची आणि पाच मिनिटं झाकण. तिचा कुरकुरीतपणा टिकतो.

एवढं जमलं की बाकी सगळा फ्रीज तुमचा. फ्लॉवर, मटार, बटाटा, काहीही चालतं. खिमा असेल तर कढईतच पंधरा-वीस मिनिटांत होतो, भात वेगळा लावा. मटण मात्र तांदळाबरोबर टाकायचं नाही. ते आधी एकटं मऊ शिजवायचं, मग त्याच्याच पाण्यात भात. आणि शेजारी कांदा-लिंबू हवंच, त्यात इम्प्रोव्हायझेशन नको.

आईनं त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. "मीठ कमी आहे," म्हणाली, आणि तिसऱ्यांदा फक्त खरवड मागितली.

आता ती कोल्हापूरला आहे. फोन सव्वानऊलाच येतो, पण प्रश्न बदललाय, "आज त्यात काय टाकलंस?" परवा मी खरं सांगून टाकलं, "आज काही नाही, पिझ्झा मागवला."

"बरं. मग उद्या तो कोबी संपव, सुकत चाललाय म्हणालास ना? पाणी कमी घाल."